पावणेतीनची नोंद

त्या दिवशी दुपारी धाकटी मावशी धुलाईघरातून चादरींचा गठ्ठा काखेत मारून बायकांच्या वॉर्डाकडे परत निघाली, तेव्हा तिच्या डोक्यात दोनच गोष्टी होत्या. एक, गठ्ठ्यातल्या दोन चादरी ओल्याच आहेत आणि धुलाईवाल्याशी भांडायला वेळ नाही. दुसरी, सकाळी निघताना पोरीचं कपाळ कोमट लागलं होतं.

"दात येत असतील," सासू म्हणाली होती. "तू निघ. उशीर नको करूस."

आणि ती निघाली होती. पोर दीड महिन्याची असताना ही नोकरी लागली होती, आता पोर सात महिन्यांची व्हायला आली होती. सहा महिने पुरे झाल्यावर कायम करतात, आणि त्याला अजून तीन आठवडे होते. तेवढ्यात एक वाकडा शेरा पडला की संपलं. नवरा ट्रकवर, महिन्यातून चार दिवस घरी. घर चालायचं ते हिच्या पगारावर.

मनाच्या आजारांचं हॉस्पिटल होतं ते. बायकांच्या वॉर्डात तीस खाटा, एक लोखंडी दार, आणि दाराची किल्ली मावशीच्या कमरेला. ती तेवीस वर्षांची, पण आल्या दिवशीच मावशी झाली. सत्तरीच्या म्हातारीनं "मावशी, पाणी दे गं" म्हणून हाक मारली तेव्हा तिला फिस्सकन हसू आलं होतं. वॉर्डात आधीपासून एक मावशी होतीच, तीस वर्षं काढलेली. म्हणून ती थोरली, ही धाकटी.

गोळ्या सिस्टर द्यायची. डॉक्टर सकाळी यायचे, एका खाटेपाशी चार मिनिटं उभे राहायचे आणि जायचे. उरलेला सगळा दिवस मावश्यांचा. आंघोळी त्यांनी घालायच्या, वेण्या त्यांनी घालायच्या, घास भरवायचे, नखं कापायची, चावे खायचे. कुणाचं आज बिघडणार हे घास हातात कसा धरते त्यावरून त्यांना कळायचं. वॉर्डात एक मास्तरीण होती, पूर्वी शाळेत शिकवायची. ती रोज सकाळी सगळ्या खाटांची हजेरी घ्यायची. तीनदा घेतली तर दिवस बरा, चौथ्यांदा घ्यायला लागली की दुपारी काही तरी फुटणार. हे दोघी मावश्यांना ठाऊक होतं. डॉक्टरांना नव्हतं, कारण त्यांनी कधी विचारलं नाही.

अकरा नंबरच्या खाटेवर बाळंतीण होती. नाव तिला होतं, पण वॉर्डात सगळ्या बाळंतीणच म्हणायच्या. आपलं मूल कुणी तरी उचलून नेणार या धास्तीनं तिनं घरी चार दिवस डोळा मिटला नव्हता. पाचव्या दिवशी ती मुलाला पदराखाली झाकून अनवाणी बसस्टँडवर सापडली. नवऱ्यानं मूल आपल्या आईच्या ओटीत घातलं आणि हिला इथं आणलं.

मूल गेलं, पण दूध काही गेलं नाही. हिरव्या झग्याची छाती दुपारी ओलीचिंब व्हायची. वॉर्डातल्या सगळ्या पेशंट बायकांना हिरवे झगे होते, मावश्यांना निळी साडी. धाकटी तिला घडी घालून फडकी द्यायची, कारण तिची स्वतःची छातीही दीड-दोनच्या सुमाराला भरून दुखायला लागायची.

"पाजायची वेळ झाली का गं?" बाळंतीण विचारायची.

"झाली," धाकटी म्हणायची. "माझीपण झाली. बसू या दोघी."

आणि खाटेवर दोघी शेजारी शेजारी बसायच्या, काही न बोलता. असं करायचं हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. पण बाळंतीण त्यानं शांत व्हायची. इंजेक्शनानं व्हायची नाही तेवढी.

तर ही बाळंतीण 'पंधरा मिनिटांवर' होती. ज्या पेशंटचा भरवसा नाही तिच्यापाशी मावशीनं दर पंधरा मिनिटांनी जायचं. छाती वरखाली होताना डोळ्यांनी बघायची, तीन श्वास मोजायचे, आणि पाटीला लावलेल्या कागदावर त्या वेळेच्या रकान्यात लिहायचं, पेशंट काय करते आहे. खाली सही. तीस बायकांना दोन मावश्या, आणि त्यातल्या पाच-सहा बायका पंधरा मिनिटांवर. गणित कुणीही मांडावं. ते जमायचं नाही. म्हणून मावश्या 'कागद पुढे न्यायच्या.' म्हणजे पुढचे तीन-चार रकाने आधीच भरून ठेवायच्या.

"फक्त एक कर," थोरलीनं तिला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. "सगळीकडे 'झोपली आहे, झोपली आहे' असं नको लिहूस. ऑफिसात बसलेले शहाणे तेवढंच पकडतात. थोडं बदलत जा. इथं पाणी प्याली, तिथं उठून बसली. खरं वाटेल असं लिही."

धाकटीला ते छान जमायचं. शाळेत निबंधात तिला चांगले मार्क पडायचे.

त्या सकाळी मात्र तिला बाळंतिणीचं लक्षण बरं दिसलं नव्हतं. आदल्या दिवशी गोळी बदलली होती. तेव्हापासून ती जडशीळ पडून होती, तोंडातून लाळ, आणि घशात खरखर. तिनं जाऊन सिस्टरला सांगितलं.

"सिस्टर, अकरा नंबरचा घसा वाजतोय. घास नीट गिळत नाही. जरा बघता का?"

"गोळीनं होतं तसं."

"पण डॉक्टरांना एकदा..."

"मावशी, डॉक्टर तू की ते? उद्या राउंडला येतील तेव्हा बघतील."

सिस्टर वाईट नव्हती. तिच्यापुढे रजिस्टरांची चवड होती आणि दुसरी सिस्टर रजेवर होती. ही गप्प बसली. गप्प बसणं तर पगारातच धरलेलं असतं.

दोन वाजायला दहा मिनिटं कमी होती. थोरली दोन पेशंटना घेऊन एक्स-रेला गेली होती. जेवणं झाली होती, वॉर्डावर दुपारची सुस्ती उतरली होती. फिनेलचा आणि आंबट भाताचा वास. पंखे करकरत होते. तेवढ्यात दारावर वॉचमननं टकटक केलं.

"मावशी, तुझी सासू गेटवर बसलीय. पोर तापानं फणफणलीय म्हणते."

ती सिस्टरकडे धावली.

"जा," सिस्टर मान वर न करता म्हणाली. "पण दहा मिनिटं हं. आणि कागद पुढे नेऊन ठेव. मोठे साहेब फिरत फिरत आले तर रकाने रिकामे दिसायला नकोत. मी आहे इथं."

धाकटीनं पाटी उचलली. अकरा नंबरकडे दारातूनच बघितलं. बाळंतीण भिंतीकडे तोंड करून कुशीवर होती, खांद्यापर्यंत चादर. पावणेदोनचा रकाना अजून रिकामा होता. जवळ जाऊन तीन श्वास मोजायला अर्धं मिनिट लागलं असतं. एवढं अर्धं मिनिट तिनं वाचवलं.

'झोपली आहे. श्वास ठीक.' मग दोनचा रकाना, 'उठून बसली. पाणी प्याली.' सव्वादोन, 'खिडकीपाशी उभी. शांत.' अडीच, 'मास्तरणीशी बोलली.' पावणेतीनच्या रकान्यापाशी तिची छाती अशी भरून आली की ब्लाउज ओला झाला. काय लिहिलं ते तिनं वाचलंही नाही. सही ठोकली, दार लावलं, कुलूप ओढून बघितलं, आणि पळत सुटली.

गेटाजवळच्या पत्र्याच्या शेडमध्ये बाकावर सासू बसली होती. मांडीवर पोर, डोळे अर्धे मिटलेले, ओठ कोरडे. हात लावला तर चटका.

"अगं, सकाळपासून एक थेंब घेतला नाही तिनं," सासू म्हणाली. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, बोलताना ती समोरच्याच्या कानाकडे बघायची. "बाटलीचं थुंकते. वरचं पाणी थुंकते. मी काय करू, सांग."

धाकटीनं पदर घेतला, पोरीला लावलं. पोरीनं तोंड फिरवलं. पुन्हा लावलं. पोरगी क्षीण कण्हली आणि मान टाकली.

"आई, तुम्ही हिला घेऊन बसा. मी कोपऱ्यावरून तापाचं औषध आणते."

कोपऱ्यावरच्या दुकानाचं शटर अर्धं खाली. आत माणूस जेवत होता. "पाच मिनिटं ताई," म्हणाला, आणि त्याच्या पाच मिनिटांत तिच्या जिवाचं पाणी झालं. मग तिच्यापुढे आणखी तिघं होते. ती परत शेडमध्ये आली तेव्हा तीन वाजायला पाच कमी होते.

पोर सासूच्या मांडीवर गाढ झोपली होती. कपाळावर घाम. ताप उतरला होता. ओठांच्या कोपऱ्याला दुधाचा पांढरा ठिपका.

"प्याली?" धाकटीचा विश्वास बसेना. "बाटलीनं?"

"बाटली कसली. तुमच्यातली बाई आली होती ना एक. भली बाई. म्हणाली, द्या इकडे, माझी पाजायची वेळ झाली. घेतलं तिनं पदराखाली, आणि ही अशी लुचली म्हणतेस! दोन्ही बाजूंनी प्याली."

"कोण बाई?"

"मला काय नाव ठाऊक? हात मात्र गार होते तिचे. बरं वाटलं पोरीला. तो तुमचा हिरवा झगा नाही का, तो होता अंगात."

"हिरवा? आई, नीट आठवा... निळी साडी असेल."

"अगं, रंग अजून कळतात मला. हिरवा."

म्हणजे वॉर्डातली पेशंट बाहेर पडली. म्हणजे दार आपण उघडं टाकलं. तिला दुसरं काही सुचलंच नाही. औषधाची बाटली सासूच्या हातात कोंबली, "रिक्षा करा, घरी जा" एवढं म्हणाली, आणि धावत वॉर्डाचं दार गाठलं.

कुलूप जसंच्या तसं. किल्ली तिच्या कमरेला.

आत गेली. खाटा मोजल्या. एक्स-रेला गेलेल्या दोघींच्या सोडून सगळ्या भरलेल्या. अकरा नंबर भिंतीकडे तोंड करून कुशीवर, खांद्यापर्यंत चादर. तिचा जीव भांड्यात पडला. ती जवळ गेली आणि सवयीनं छातीकडे बघत उभी राहिली. एक श्वास मोजायचा होता. तो येईना. ती वाट बघत राहिली... मग तिनं खांद्याला हात लावला.

डॉक्टर आले. त्यांनी बाळंतिणीला उताणी केलं, पापणी उघडली, जबडा हलवून बघितला. उशीला उलटीचा वास होता.

"गुंगीत उलटी झाली, श्वासात अडकली," ते म्हणाले. "अंग गार पडलंय. जबडा धरायला लागलाय. तासाच्या वर होऊन गेलाय हिला. दीड, पावणेदोन. त्यानंतर नाही." त्यांनी पाटी हातात घेतली. "आणि इथं दोन वाजता पाणी पितेय ही?"

धाकटीच्या कानात पंख्यांची करकर भरली. पोर, घर, तीन आठवडे, सगळं डोळ्यांसमोरून गेलं. आता सांगून टाकावं, असं तिनं तोंड उघडलं.

"मी बघितलं तिला," सिस्टर मध्येच म्हणाली. "दोनला. माझ्या खोलीच्या काचेतून दिसते ना ती खाट. बसून पाणी पीत होती."

धाकटीला वाटलं, सिस्टर स्वतःची कातडी वाचवते आहे. तिनं सिस्टरकडे बघितलं. पण सिस्टरचा चेहरा खोटं बोलणाऱ्याचा नव्हता. ती डॉक्टरांवर चक्क वैतागली होती.

"मग खिडकीशी जाऊन उभी राहिली बराच वेळ," सिस्टर पुढे म्हणाली. "मीच म्हटलं, आज बरी दिसते."

आणि खाट नंबर बारावरून मास्तरीण उठून बसली. अगदी शहाण्या माणसासारखी. "माझ्याशी बोलली ती. अडीच झाले होते, मी घड्याळ बघितलं."

"काय बोलली?" डॉक्टरांनी विचारलं.

"म्हणाली, बाई, मी जरा जाऊन येते, हजेरी लावून ठेवा."

खाटेशेजारच्या लहान टेबलावर स्टीलचा पेला होता, अर्धा प्यालेला. धाकटीनं जाताना तो तिथं ठेवला नव्हता.

डॉक्टरांनी परत कागद वाचला. पावणेतीनच्या रकान्यावर त्यांचं बोट थांबलं. "'बाळाला पाजते आहे.' हे काय लिहिलंय?"

तेव्हा धाकटीला कळलं, आपण काय लिहून गेलो होतो ते.

"भ्रम हो साहेब," सिस्टर म्हणाली. "उशी छातीशी धरून बसायची कधी कधी."

"बरोबर." डॉक्टरांनी पेन काढलं. एकदा घड्याळाकडे बघितलं, एकदा त्या गार पडलेल्या हाताकडे. आणि कागदाला जुळेल अशी मृत्यूची वेळ लिहिली. दुपारी दोन पन्नास. "नोंदी व्यवस्थित आहेत. मग काही प्रश्न नाही."

बाळंतिणीचा नवरा पाच वाजता आला. डोळे कोरडे, शर्टाची बटणं वरखाली लागलेली. सिस्टरनं त्याला सह्या करायचे कागद दिले. तो धाकटीपाशी आला, कारण मेलेल्या बाईचे केस तीच विंचरत होती.

"शेवटी काही बोलली का हो?"

बारा दिवसांत बाळंतीण तिच्याशी जेवढं बोलली होती तेवढं घरी कुणाशी बोलली नसेल. पण शेवटी? शेवटी ही कोपऱ्यावर शटरपाशी उभी होती.

"बाळाचं विचारत होती," धाकटी म्हणाली.

"त्याला काही नाही होत. छान आहे तो. वरच्या दुधावर राहिला चांगला," नवरा म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून रडायला लागला.

थोरली संध्याकाळी कपडे बदलताना तिच्याशेजारी येऊन उभी राहिली. आवाज अगदी खाली.

"पावणेतीनला ते काय लिहिलंस?"

"चुकून, मावशी. माझं चित्त पोरीकडे होतं."

थोरलीनं साडीची घडी घातली, मोडली, परत घातली.

"तीस वर्षं मी पुढचं लिहीत आलेय," ती म्हणाली. "पाणी प्याली लिहिलं, बसली लिहिलं. वॉर्डाबाहेरचं एक अक्षर लिहिलं नाही कधी."

"का?"

थोरलीनं पिशवी उचलली. "माझी पण मुलं लहान होती तेव्हा," एवढंच म्हणाली आणि गेली.

घरी पोर खेळत होती. ताप नाही, किरकिर नाही. धाकटीनं हात-पाय धुतले, साडी बदलली, दिवसभराचं अंगावरचं सगळं घासून काढलं, मगच तिला घेतलं. छाती ठणकत होती. पोरीला लावलं. पोरीनं तिच्या तोंडाकडे बघितलं, एखाद्या पाहुणीकडे बघावं तसं, आणि मान फिरवली.

"पोट भरलं असेल," सासू म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळीही तेच. तिसऱ्या दिवशीही. पोर तिच्या हातून पाणी घेईना, पेज घेईना, बाटलीकडे बघेना. छातीशी धरलं की अंग ताठ करायची. आणि तरी सुकत नव्हती. संध्याकाळी धाकटी घरी यायची तेव्हा तिच्या ओठांच्या कोपऱ्याला ते पांढरं असायचं, आणि अंगाला दुधाचा गोडसर वास. आठव्या दिवशी धाकटीचं दूध आटलं. कुणीतरी नळ बंद केल्यासारखं, एका दुपारीत.

"आई, दुपारी काय देता हिला?"

"काय देणार? जेवण झालं की माझा डोळा लागतो. उठते तेव्हा पोर शांत झोपलेली असते."

"कुणी येतं का?"

सासू तिच्या कानाकडे बघत राहिली. "दार तर त्या दिवसापासून तू बाहेरून कुलूप घालून जातेस," ती म्हणाली.

तीन आठवडे झाले. धाकटी कायम झाली. मोठ्या साहेबांनी तिला ऑफिसात बोलावून सगळ्यांदेखत सांगितलं, नोंदी कशा ठेवाव्यात ते हिच्याकडून शिका. तिनं मान खाली घातली. लोकांना ती लाजली असं वाटलं. त्या दिवसापासून ती एकही रकाना पुढे नेत नव्हती. एकेका खाटेपाशी वाकून तीन श्वास मोजायची, मगच लिहायची. त्यामुळे तिची बाकीची कामं राहायची आणि सिस्टर बोलायची. ते ऐकून घेणं तिला बरं वाटायचं.

त्याच आठवड्यात दवाखान्यात पोरीचं वजन केलं. काट्यावरची नर्स खूश झाली. "वा, आईचं दूध चांगलं लागतंय हिला. असंच चालू ठेवा." धाकटी "हो" म्हणाली. दुसरं काय म्हणणार होती? रस्त्यानं येताना पोर तिच्या खांद्यावरून सारखी मागं वळून बघत होती.

मग तिनं ठरवलं. कायम झाल्यावर मिळालेली पहिली रजा तिनं घेतली. सासूला काही न सांगता ती घरीच राहिली. जेवणं झाली. सासूनं भिंतीला पाठ टेकली. धाकटी पोरीला मांडीवर घेऊन दाराकडे तोंड करून बसली.

दीड वाजला. पोर चुळबुळायला लागली.

दोन वाजता रडायला लागली. धाकटीनं बाटली दिली. पोरीनं ढकलली. तिनं वाटीनं पेज भरवून बघितली, बोट मधात बुडवून दिलं, पदर बाजूला करून कोरडी छाती दिली. "घे गं माझी बाई... घे ना..." पोरगी काळीनिळी होईपर्यंत रडली. सव्वादोन. अडीच. घरात त्या रडण्याशिवाय काही उरलं नाही. दारापलीकडे जिन्यावर कुणीतरी थांबलंय असं धाकटीला वाटलं. तिनं उठून दार उघडलं. जिना रिकामा. आंबट, ओल्या फडक्यांचा वास तेवढा वर आला.

पावणेतीनला पोरीचा आवाज बसला. आता ती नुसती घोगरं कण्हत होती. श्वास घेताना घशात खरखर वाजायला लागली. धाकटी वाकून मोजायला लागली. एक... दोन... तिसरा फार उशिरा आला.

"आई," ती म्हणाली, "आई, काय करू...?"

सासूनं डोळे उघडले. ती झोपली नव्हतीच. किती तरी वेळ तशीच पडून ऐकत होती. ती गुडघ्यांवर हात टेकून उठली, सुनेच्या मांडीवरून पोर उचलली, आणि पहिल्यांदाच कानाकडे न बघता नीट तिच्या डोळ्यांकडे बघितलं.

"पोरी, तू कामावर जा."

"आज रजा आहे माझी."

"मग कुठंही जा. बाजारात जा. पण बाहेर जा." म्हातारीचा आवाज हळू होता, त्यात राग नव्हता. "तू घरात असलीस की ती येत नाही."

धाकटी जागची हलली नाही. मग तिनं पोरीच्या छातीकडे बघितलं. चौथा श्वास अजून यायचा होता. तिनं चपला घातल्या. दार ओढून घेतलं. कुलूप घातलं नाही, उपयोग नव्हता. जिना उतरताना वरून तो बसलेला घोगरा आवाज येत होता, आणि तिनं कठडा घट्ट धरला होता.

खालच्या पायरीवर ती पोचली, तेव्हा वर कुणीतरी खाट सरकवली आणि रडणं थांबलं.